पांडुरंगावर भार टाकला, मग कागद कशाला?

पत्र

माझे वय 71. चिंचवडला मुलगा-सुनेजवळ राहते, मुलगी कॅनडात असते. 30 वर्षांपूर्वी माळ घातली. गुडघे साथ देत होते तोवर आळंदी ते पंढरपूर पायी गेले, आता दिंडीबरोबर शेवटचे दोन मुक्काम तेवढे चालते. गेल्या वर्षी आमच्या दिंडीतली एक मैत्रीण गेली. शेवटचे तीन आठवडे ती आयसीयूत मशीनवर होती. मुलांचे आपसात पटेना, एक म्हणे काढा, दुसरा म्हणे ठेवा. तिच्या गळ्यातली माळ कोणी काढली, कधी काढली, हे कोणालाच सांगता आले नाही. तेव्हापासून वाटते, आपले सगळे लिहून ठेवावे. मला मशीन नको. माळ काढू नये. नेताना रडारड नको, टाळ-मृदंग असावा. मुलगी पोहोचली तर तिने अग्नी द्यावा. राहते घर यजमानांच्या नावावर होते. सहा वर्षांपूर्वी ते गेले, काही लिहून ठेवले नव्हते. ते असताना त्यांनी सोसायटीत माझे नॉमिनेशन केले होते, म्हणून आता तिथे माझे नाव लागले आहे. या घरातला काही भाग आमच्या दिंडीच्या पंढरपूरच्या धर्मशाळेला द्यावा असे मनात आहे. दिंडीतले एक गृहस्थ म्हणतात, ‘मी सगळे लिहून आणतो, साक्षीदार म्हणूनही उभा राहतो.’ मुलगा मात्र विषय काढला की ‘आई, अभद्र बोलू नकोस’ म्हणून उठून जातो. आणि भजनात एक माउली म्हणाल्या, ‘सगळा भार पांडुरंगावर टाकलाय ना, मग कागद कशाला? विश्वास कमी पडला का?’ ते फार लागले. काय करू?

— एक माळकरी, चिंचवड

उत्तर

माउली, रामकृष्णहरी.

शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनातून गेल्याशिवाय बाकीचे काही तुमच्या हातून लिहून होणार नाही.

दरवर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी सोहळा होतो, तुम्ही तो अनेकदा पाहिला असेल. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मधली ही गोष्ट. ज्ञानेश्वर माउली कोणाला न सांगता गेले नाहीत. तिथी ठरलेली होती, जागा ठरलेली होती, निवृत्तीनाथ आणि बाकीची संतमंडळी जवळ होती, रीतसर निरोप घेतला गेला. नामदेवरायांनी पंढरपूरच्या महाद्वारातली पायरी मागून घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्या वैष्णवांचे पाय लागावेत म्हणून. आपण त्यांच्या पायाची धूळही नाही, हे खरेच. पण ज्या पंथात जाण्याची तयारी अशी सगळ्यांदेखत झाली, तिथे आपल्या शेवटाबद्दल चार ओळी लिहिणे हे अविश्वासाचे लक्षण कसे ठरेल?

भार पांडुरंगावर टाकणे वेगळे आणि मुलावर टाकणे वेगळे. तुम्ही काही लिहिले नाही, तर रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात हातात पेन घेऊन तुमचा मुलगा उभा असेल, कॅनडाहून मुलगी फोनवर असेल, आणि दोघांनाही आईला काय हवे होते ते माहीत नसेल. तुमच्या मैत्रिणीची मुले काही वाईट नव्हती हो. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जे जे लिहिले आहे ते एका कागदावर मावणारे नाही. ते तीन कागद आहेत, कारण ते तीन वेगळ्या वेळी, वेगळी माणसे वाचणार आहेत. पहिला कागद डॉक्टर वाचतील, तुम्ही हयात असताना. दुसरा घरचे आणि दिंडीतले वाचतील, तुम्ही गेल्यावर पहिल्या दोन-चार तासांत. तिसरा म्हणजे मृत्युपत्र. ते आपल्याकडे दहावा-तेरावा झाल्याशिवाय सहसा कोणी उघडत नाही. ‘टाळ-मृदंग असावा’ हे मृत्युपत्रात लिहून लॉकरमध्ये ठेवले, तर ते वाचले जाईल तेव्हा अस्थीसुद्धा विसर्जित झालेल्या असतील. असे घडताना मी पाहिले आहे.

पहिल्या कागदाला बोलीत ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. मुलगा घाबरून म्हणेल, हे इच्छामरण झाले. त्याला सांगा, नाही. जीव जावा म्हणून काही देणे आपल्या कायद्यात बसत नाही आणि ते तुम्ही मागतही नाही. बरे होण्याची आशा उरलेली नसताना केवळ यंत्रांनी शेवट लांबवू नका, एवढेच यात सांगायचे असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला. 9 मार्च 2018 रोजी घटनापीठाने असा कागद करण्याचा अधिकार मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाऊन सही घ्यावी लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे. तुमच्या वतीने निर्णय कोणी कळवायचा, त्या व्यक्तीचे नाव त्यात असावे लागते. एकाहून जास्त नावेही देता येतात. मुलगा आणि मुलगी दोघांची द्या. एक प्रत त्यांच्याकडे, एक तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे तुमच्या बाबतीत महापालिकेने, यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

कागद दाखवला की लगेच यंत्र बंद, असे होत नाही आणि होऊही नये. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान दोन तज्ज्ञ यांचे मंडळ तपासते, मग दुसरे मंडळ तपासते. प्रत्येकाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचे असते. तुम्ही नेमलेल्या माणसांची संमती घेतली जाते, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. आणि तुम्ही शुद्धीवर आहात, तुम्हाला बोलता येते, तोवर हा कागद कोणी बघतच नाही. तेव्हा तुमचा शब्दच चालतो. मत बदलले तर लेखी रद्द करून नवा करता येतो.

इथे थोडे थांबून तुमच्या एका वाक्याबद्दल बोलायचे आहे. ‘मला मशीन नको.’ माउली, असे लिहू नका. उद्या न्यूमोनिया झाला आणि डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवले तर बऱ्या होऊन घरी जातील, पुढच्या आषाढीला वाखरीपासून चालतीलही, तर ते मशीन तुम्हाला नको आहे का? तुम्हाला भीती वाटते ती मैत्रिणीसारख्या तीन आठवड्यांची. मग तेच लिहा. बरे होण्याची शक्यता असेल तर उपचार करा, यंत्रही लावा. पण काही दिवस पाहून डॉक्टरांनीच सांगितले की आता मागे फिरणे नाही, तर ते पुढे रेटू नका. हृदय थांबल्यावर छाती दाबून पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न, डायलिसिस, नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न, यांपैकी काय हवे, काय नको, हे तुमच्या डॉक्टरांसमोर अर्धा तास बसून एकेक विचारून घ्या आणि मगच लिहा. नळीने अन्न घालावेच लागले तर त्यात अंडे नको, हेही लिहा. घरात तुम्ही माळकरी आहात हे सगळ्यांना ठाऊक असते, आहारतज्ज्ञाला नसते.

दुसरी एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. आपल्यातल्या अनेकांना वाटते, शेवटच्या क्षणी शुद्ध असावी, तोंडात नाम असावे, म्हणून वेदनेचे औषध नको. वेदनेने कळवळणाऱ्या माणसाच्या तोंडी नाम येते असे मी तरी फार पाहिलेले नाही. वेदनाशमन करणारे डॉक्टर औषधाची मात्रा कमी-जास्त करून शक्य तितकी शुद्ध राखू शकतात. ‘जमेल तोवर शुद्ध राहील अशा बेताने वेदना कमी करा, वेदना आवरत नसतील तर शुद्धीचा हट्ट धरू नका’, अशी ओळ घाला. मग हरिपाठ जवळच्यांनी कानाशी म्हणावा. 30 वर्षे घेतलेले नाम शेवटच्या घटकेला गुंगी आली म्हणून वाया जाईल, असे मनातही आणू नका.

आता माळेचे. आयसीयूत भरती करताना अंगावरचे सगळे उतरवून घेतात. नर्सच्या मनात अनादर नसतो, मानेतल्या शिरेत नळी घालायची असते, घाई असते. एका रुग्णालयात मी पाहिले होते, एका आजींची माळ, कवळी आणि बांगड्या एका प्लास्टिकच्या पिशवीत, वर बेडचा नंबर, आणि ती पिशवी हातात घेऊन नातू जिन्यात बसलेला. ‘माळ हाताला बांधू का?’ असे कोणी विचारले असते तर तिथे ‘नाही’ म्हणणारे कोणी नव्हते. विचारायचे असते हेच कोणाला सुचले नाही. म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘गळ्यातली तुळशीची माळ शक्यतो काढू नये. काढावी लागली तर मनगटाला बांधावी, तेही जमत नसेल तर उशाशी ठेवावी आणि काम झाल्यावर पुन्हा घालावी.’ आणि एक काम या आठवड्यातच करा. माळ तारेत ओवलेली असेल तर ती दोऱ्यात ओवून घ्या. एमआरआयच्या खोलीत तार चालत नाही. दोऱ्यातल्या माळेसाठी निदान विनंती तरी करता येते.

चंद्रभागेचे पाणी आणि तुळशीचे पान यांचेही नीट सांगून ठेवा. गिळता येत नसलेल्या माणसाच्या तोंडात प्रेमाने चमचाभर पाणी घातले तर ते श्वासनलिकेत जाऊन जीव घुसमटतो. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायचे, पान ओठाला लावायचे. तेवढे पुरते.

शक्य असेल तर शेवट घरी व्हावा असे वाटत असेल तर तेही या कागदात घाला. मात्र ‘आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतो’ म्हणून सही करून घाईघाईने घरी आणणे वेगळे, आणि घरी येऊन वेदना, धाप, जखमा सांभाळणाऱ्या पथकाची व्यवस्था लावून आणणे वेगळे. मुलाला हा फरक आत्ताच समजावा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला डॉक्टरांकडून घ्यावा लागतो, त्याशिवाय स्मशानात अडते. ओळखीचे डॉक्टर येतील ना, हे आधी विचारून ठेवलेले बरे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते.

दुसरा कागद सगळ्यांत सोपा आणि तुमच्या सगळ्यांत जवळचा. त्याला ना नोटरी लागते ना वकील. कायद्याने तो घरच्यांवर बंधनकारक आहे असेही समजू नका. तो चालतो तो त्यांच्या प्रेमावर आणि दिंडीतल्यांच्या आठवणीवर. म्हणून तो एका पानाचा असावा आणि त्याच्या प्रती तिघांकडे असाव्यात: मुलगा, मुलगी आणि दिंडीचालक. टाळ-मृदंग घेऊन कोणाला बोलवायचे, त्यांची नावे आणि फोन. कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. कोणते पातळ नेसवायचे. माळ अंगावरच ठेवायची. लाकडे की विद्युतदाहिनी. अस्थी इंद्रायणीत की चंद्रभागेत, की थोड्या अस्थी घरच्या झाडाखाली. दहाव्याला प्रवचन कोणाचे, आणि पंगत किती मोठी. मला विचाराल तर पंगत छोटी ठेवायला सांगा आणि वाचलेल्या पैशांतून वारीत एका मुक्कामाला दिंडीला जेवण घाला. पण ते तुमच्या मनावर.

रडारड नको, हे मात्र लिहू नका. भजन असू द्या, आणि ज्याला रडू येईल त्याला रडू द्या. मुलीला विमानातून उतरल्यावर ‘आईने रडायला मनाई केली होती’ असे ऐकावे लागू नये.

मुलीने अग्नी द्यायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही. प्रश्न वेळेचा आहे. कॅनडाहून येईपर्यंत शवागारात ठेवायचे का, याचे उत्तर तुम्हीच देऊन ठेवा, नाहीतर भावा-बहिणीत तो सल आयुष्यभर राहतो. ‘एक दिवस थांबा, त्याहून जास्त नको, ती पोहोचली नाही तर मुलाने अग्नी द्यावा, अस्थी सावडून तिची वाट पाहावी आणि विसर्जन तिच्या हातून व्हावे’, असे काहीतरी. नेत्रदान करायचे असेल तर डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात, त्याला थांबून चालत नाही. त्याने चेहरा विद्रूप होत नाही आणि अग्निसंस्कार नेहमीसारखे होतात. अर्ज भरलेला असला तरी ऐनवेळी फोन घरच्यांनाच करायचा असतो, म्हणून त्यांची तयारी हवी.

वारीच्या वाटेवर काही झाले तर? दिंडीचालकांकडे मुलाचा नंबर, तुमची औषधे, रक्तगट आणि पहिल्या कागदाची प्रत असू द्या. अपघात असेल किंवा कारण कळत नसेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन टळत नाही, त्यात घरच्यांनी आणि दिंडीने वाद घालू नये.

तिसरा कागद मृत्युपत्राचा, आणि इथे तुम्हाला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. सोसायटीत नाव लागले म्हणून ते घर पूर्ण तुमचे झालेले नाही. यजमानांच्या स्वतःच्या कमाईचे घर असेल आणि ते काही न लिहिता गेले असतील, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार पत्नी, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा मिळतो. सासूबाई तेव्हा हयात असतील तर त्यांनाही. म्हणजे तुमच्या हाती बहुधा एक तृतीयांश आहे आणि मृत्युपत्र तेवढ्याचेच करता येईल. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये कंपन्यांच्या शेअर्सबाबतही हेच सांगितले. बँकेत, पोस्टात नॉमिनी कोण आहे ते पाहून घ्या, आणि ती नावे मृत्युपत्राशी जुळती ठेवा.

धर्मशाळेला द्यायचे तर माझे मत स्पष्ट आहे: घराचा हिस्सा देऊ नका, रक्कम द्या. राहत्या घराचा तिसरा भाग एका ट्रस्टच्या नावे गेला तर तुमचा मुलगा आणि तुमची दिंडी कोर्टात समोरासमोर उभे राहतील. ठेवीतून किंवा दागिन्यांतून ठरावीक रक्कम लिहा. ती संस्थेला द्या, महाराजांच्या किंवा कोणा व्यक्तीच्या नावे नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले संस्थेचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक त्यात यायला हवा. खरे तर हयातीतच दिलेत तर पावतीही मिळेल आणि त्या पैशांतून उभी राहिलेली खोली तुम्हाला पाहताही येईल.

त्या गृहस्थांना मात्र नम्रपणे नाही म्हणा. त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण ज्या संस्थेला द्यायचे तिच्याशी बांधलेल्या माणसाने मजकूर लिहायचा आणि साक्षीलाही उभे राहायचे, यात उद्या कोणीही म्हणेल की म्हातारीवर दबाव आणला. दबावाने किंवा फसवून करून घेतलेले मृत्युपत्र कायद्याने टिकत नाही, आणि तसा संशय आला तरी दिंडीचे नाव खराब होते. तुमच्याकडून काही मिळणार नाही, वयाने लहान आहेत आणि नंतर सापडतील, असे दोन साक्षीदार घ्या. त्यातले एक तुमचे डॉक्टर असतील तर उत्तम. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण तुमच्या बाबतीत दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन ती कराच. शुल्क नाममात्र असते.

राहिला मुलगा. ‘मला तुझ्याशी माझ्या मरणाबद्दल बोलायचंय’ असे म्हटलेत तर तो उठणारच. त्याला मैत्रिणीच्या मुलांचे सांगा. म्हणा, ‘बाळा, ते दोघे भाऊ आता एकमेकांकडे जात नाहीत. तुझं आणि ताईचं असं होऊ नये, म्हणून मला अर्धा तास दे.’ सुनेला आधी विश्वासात घ्या. रुग्णालयात उशाशी बहुतेक तीच बसलेली असेल, आणि माळेचे, पाण्याच्या बोळ्याचे तिलाच लक्षात ठेवायचे आहे. मुलीला त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर घ्या, म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच तोंडून ऐकलेली असेल. तरीही तो उठून गेला, तर दुसरा कागद तुम्ही स्वतः लिहून देवघरात ठेवा आणि कुठे ठेवला ते त्याला सांगा. तो वाचेल.

भजनातल्या त्या माउलींवर राग धरू नका. पुढच्या एकादशीला तुमचा दुसरा कागद त्यांना वाचायला द्या, आणि टाळकऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव घालू का, ते विचारा.